कॅन्सरवर संशोधन करायचं, म्हणून केमिस्ट्री सोडायची?

शिरोड्याहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय केमिस्ट्री. आत्याच्या आजारपणात तिनं मुंबईच्या फेऱ्या मारल्या आणि तेव्हापासून कॅन्सरवरच संशोधन करायचं म्हणते. त्यासाठी केमिस्ट्री सोडून एका खाजगी संस्थेत बायोटेकला जायचा हट्ट आहे आणि तिथली फी तुमच्या दुकानाला झेपणारी नाही. शिवाय तुम्ही विचारलंय, ‘पेशीत तेलासारखे थेंब होतात आणि त्यांचा कॅन्सरशी संबंध आहे म्हणते, हे काय खूळ?’

आधी खुळाचं बोलू. खूळ नाही ते. 2009 मध्ये क्लिफर्ड ब्रँगविन, अँथनी हायमन आणि सहकाऱ्यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीच्या भ्रूणपेशींत प्रथिनं आणि आरएनए (डीएनएचा भाऊबंद रेणू) यांचे कण द्रवाच्या थेंबासारखे वागताना पाहिले. दोन थेंब भेटले की एक होत, ताण पडला की ओघळत. दोघांना 2023 चा ब्रेकथ्रू हा विज्ञानातला मोठा पुरस्कार मिळाला. बांगड्याच्या कालवणावरचा तवंग आठवा. तेलाची दोन वर्तुळं एकमेकांना टेकली की झटकन एक होऊन पुन्हा गोल होतात. भोवती पापुद्रा नसतो, तरी वेगळी राहतात.

तुमच्या गावच्या मिठागरात पाणी ठरावीक घनतेला आटल्याशिवाय मीठ धरत नाही. पेशीतही प्रथिन ठरावीक मर्यादेपलीकडे दाटलं तरच थेंब धरतो. काही कॅन्सरमध्ये बिघडतं ते हे गणित. युइंग सार्कोमा हा मुख्यतः मुलांच्या आणि तरुणांच्या हाडांचा कॅन्सर. त्यात दोन जनुकं तुटून जोडली जातात आणि ईडब्ल्यूएस प्रथिनाचा चिकट तुकडा दुसऱ्या प्रथिनाच्या डीएनए धरणाऱ्या भागाला चिकटतो. मग नको त्या जनुकांपाशी प्रथिनांची गर्दी होते आणि ती जनुकं चालू होतात.

आत्या टॅमॉक्सिफेन हे स्तनाच्या कॅन्सरवरचं औषध घेतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून हेही सांगतो. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात दिसलं की हे औषध पेशीकेंद्रातल्या काही थेंबांत साठतं. मेड1 नावाचं प्रथिन वाढलं की थेंब फुगतात आणि आतलं औषध विरळ होतं. औषध दाद देईनासं होण्यामागचं हे एक कारण असू शकतं. पण हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे. तो वाचून गोळ्यांत काही बदल करू नका. आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल दिसला तो प्रत्येक ठिपका खरोखर द्रवाचा थेंब असतो का, यावर शास्त्रज्ञांचेच वाद चालू आहेत.

आता मुद्द्याचं. थेंब कधी धरेल, कधी विरघळेल, पाण्यात मीठ किती असताना टिकेल, हे सगळे प्रश्न केमिस्ट्रीचे आहेत. लेकीला वाटतं जीवशास्त्राकडे गेल्याशिवाय कॅन्सरला हात लागणार नाही. माझ्या मते ती हातातलं हत्यार टाकून लढाईला निघाली आहे. केमिस्ट्री राहू द्या, जोडीला गणित आणि थोडं पायथन, म्हणजे कॉम्प्युटरची प्रोग्रॅमिंगची भाषा, शिकू द्या. जीवशास्त्र पुढेही शिकता येतं. आयआयटींतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा द्यायची, मग सीएसआयआर-नेट ही राष्ट्रीय परीक्षा. त्यात जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली तर सुरुवातीला महिना 37,000 रुपये आणि वर घरभाडं. म्हणजे पीएच.डी.साठी तुम्हाला दुकान गहाण टाकावं लागत नाही. खारघरचं अ‍ॅक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र आणि कुलाब्याची टीआयएफआर ही मूलभूत विज्ञानाची संशोधन संस्था आपल्याच राज्यात आहेत. विज्ञान अकादमींची दोन महिन्यांची उन्हाळी फेलोशिप असते, तिच्या यंदाच्या अटी वाचून अर्ज करायला सांगा. पिपेट हातात धरून, दहादा फसलेला प्रयोग अकराव्यांदा लावून झाल्यावर हट्ट टिकला तर तो खरा. पीएच.डी. हातात पडेपर्यंत तिशी जवळ येईल, लग्नाचा विषय काढण्याआधी हा हिशेब दोघांनी घरात बसून करा.

एक राहिलं. गुणपत्रिकेची प्रत पाहिली. सगळ्यात कमी मार्क फिजिकल केमिस्ट्रीत आहेत. फेज डायग्रामचं, म्हणजे मिश्रण कधी एकजीव राहतं आणि कधी वेगळं होतं हे दाखवणाऱ्या आलेखांचं, प्रकरण ऑप्शनला टाकलं होतं का, तेवढं तिला विचारा.