पिंपल्सचे डाग आणि खड्डे लेझरने पूर्ण जातात का? चार महिन्यांवर लग्न आहे, पॅकेज घेऊ का?

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. गालांवर काळे डाग आणि खड्डे दोन्ही आहेत, मधूनच एखादी नवी पुळीही येते, असं तुम्ही लिहिलंय. पॅकेजचे पैसे आत्ताच भरू नका. डाग किती आणि खड्डे किती ते आधी बघू, कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत.

बाजूने उजेड येईल अशा खिडकीपाशी आरसा घेऊन उभ्या राहा आणि गालावरून बोट फिरवा. रंग गडद, पण बोटाला सपाट लागतं तो डाग. पुळीच्या सुजेमुळे तिथे मेलॅनिन, म्हणजे त्वचेला रंग देणारं द्रव्य, जास्त तयार झालेलं असतं, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हे फार होतं. असे डाग काही महिन्यांत फिके होतात, फक्त ऊन लागू देऊ नका. सकाळी एसपीएफ 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन, बाहेर असाल तर दर दोन-तीन तासांनी पुन्हा. रात्री अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिड किंवा अ‍ॅडापॅलिन जेल, तेही डॉक्टरांना विचारून. अ‍ॅडापॅलिनने नव्या पुळ्याही आटोक्यात येतात. पुळ्या येत राहिल्या तर नवे खड्डेही पडत राहणार, म्हणून त्या थांबवणं हीच पहिली ट्रीटमेंट.

खड्ड्यात त्वचेचं कोलॅजनच, म्हणजे तिला आतून आधार देणारं प्रथिन, कमी झालेलं असतं. तिथे कोणतंही क्रीम फारसं पोचत नाही, जाहिरात काहीही म्हणो. अरुंद, खोल, सुईने टोचल्यासारखी छिद्रं असतील तर टीसीए क्रॉस करतात, म्हणजे तीव्र अ‍ॅसिड टोकदार काडीने फक्त छिद्राच्या तळाशी लावतात. (ते ऑनलाइन मिळतं म्हणून घरी लावू नका, त्वचा भाजते.) रुंद, उथळ, लाटांसारखे खड्डे वेगळे. गादीला टाका घातला की तिथे खळगा पडतो, तसे आतले तंतू त्वचेला खाली ओढून धरतात. त्वचा ताणली की हे खड्डे बऱ्यापैकी सपाट दिसतात. इथे सुईने आतले तंतू सोडवावे लागतात, त्याला सबसिजन म्हणतात. तंतू तसेच ठेवून वरून कितीही लेझर मारलं तरी फरक थोडाच पडतो, आणि पॅकेजमध्ये नेमकं हेच राहून जातं. उभ्या कडांच्या गोल खड्ड्यांना मायक्रोनीडलिंग (बारीक सुयांनी टोचणं) किंवा फ्रॅक्शनल लेझर (बारीक ठिपक्यांत मारलेलं लेझर) उपयोगी पडतं. बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिन्ही प्रकार मिसळलेले असतात.

पूर्ण जातात का? नाही. उथळ होतात, सावली कमी पडते, फोटोत आणि आरशात फरक दिसतो. पण साधारण महिन्याच्या अंतराने तीन ते सहा सिटिंग्ज लागतात, आणि नवं कोलॅजन त्यानंतरही काही महिने तयार होत राहतं. शिवाय जोरकस लेझरनंतर आपल्या रंगाच्या त्वचेवर काळेपणा येऊ शकतो आणि तो उतरायला महिने जातात. म्हणून तुमच्या जागी मी लग्नाआधी फक्त पुळ्या आणि डाग यांवर काम केलं असतं. खड्ड्यांचं लग्नानंतर निवांत करा.

मेडिकलमधून ‘गोरं करणारी’ ट्यूब आणली असेल तर तिच्यावरची नावं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यांपैकी काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. आठवडाभर चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ, लाल होते आणि पुळ्या दुप्पट जोमाने येतात. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

पुळ्यांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर त्या घेताना आणि थांबवल्यानंतर एक महिना गर्भधारणा टाळावीच लागते, बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं. लग्न जवळ आहे म्हणून हे मुद्दाम सांगतेय, आणि होणाऱ्या नवऱ्यालाही सांगा. गरोदरपणात अ‍ॅडापॅलिनही नको.

क्लिनिकमध्ये गेलात की विचारा: माझे खड्डे कोणत्या प्रकारचे, सबसिजन लागेल का, लेझर स्वतः डॉक्टर करणार की असिस्टंट, आणि आधी कानाजवळ छोटा टेस्ट पॅच करून बघणार का.