तात्या काही बोलत नाहीत

*ताई,*

*मी 44 वर्षांचा आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी वडिलांनी 1979 साली काढलेला छापखाना चालवतो. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. 2017 ला जीएसटी आला तेव्हा सगळ्या बाजाराला नवी बिलबुकं हवी होती, रात्री दोन-दोनपर्यंत मशीन चालायची. 2020 चा लग्नाचा हंगाम बुडाला आणि तेव्हापासून घडी बसलीच नाही. आता लोक पत्रिका व्हॉट्सॲपवर पाठवतात. छापल्याच तर पन्नास, देवापुढे ठेवायला आणि मामाला द्यायला.*

*मी स्वतःला बदलायचं ठरवलं. पहाटे पाचला उठतो, गार पाण्याने आंघोळ करतो, कृतज्ञतेची वही लिहितो, भिंतीवर स्वप्नांचा फलक लावलाय. जानेवारीत लोणावळ्याला तीन दिवसांचं शिबिर केलं, 36 हजार रुपये. शेवटच्या रात्री निखाऱ्यांवरून चाललो. परत आलो तेव्हा जग जिंकेन असं वाटत होतं. ते अकरा दिवस टिकलं. आता शटर वर करायलाही हात जड होतो. बायकोची साथ नाही, ती निगेटिव्ह बोलते.*

*महिन्याचा खर्च लिहितो म्हणजे अंदाज येईल. जागा स्वतःची. वीज 7 हजार. मशीनवरच्या तात्यांचा पगार 16 हजार (वडिलांच्या वेळचे आहेत, दोन महिन्यांचा राहिलाय, पण घरचेच आहेत, काही बोलत नाहीत). कागद, शाई वेगळं. बाजारात साडेचार लाखांची उधारी आहे. त्यातले 38 हजार एकट्या डॉक्टरांकडे. पण मागायला गेलं की संबंध बिघडतात.*

*शिबिराची दुसरी पातळी 60 हजारांची आहे. 40 बाजूला काढलेत. जाऊ का? आतून पेटून उठायला काय करू?*

*— एक मुद्रक*

तुमचं मूळ पत्र तीन पानी आहे. वर मी ते कापून छोटं केलंय. निखाऱ्यांवर तुम्ही पाऊण पान लिहिलंत. तात्यांच्या वाट्याला एक कंस आला, तोही विजेच्या बिलाच्या खाली. तो कंस मी जसाच्या तसा ठेवलाय, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे आणि तुम्ही त्याला दोन बाजूंनी कुंपण घातलंय.

"घरचेच आहेत" म्हणजे काय हो? घरच्या माणसाला पगार लागत नाही, कारण त्याचं ताट घरात वाढलेलं असतं. तात्यांचं ताट तुमच्या घरात वाढलेलं नाही. त्यांचं घर वेगळं आहे. तिथला किराणा दोन महिने कुणाच्या तरी वहीवर चालला असणार, आणि तो दुकानदार काही "घरचा" नसेल. तो बोलत असेल.

वडिलांच्या वेळचे, असं तुम्ही लिहिलंत आणि पुढे गेलात. मी तिथेच थांबले. माझं पहिलं लिखाण खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर छापलेलं आहे, प्रुफं तपासायला मी छापखान्यात बाकावर बसायची, म्हणून मला त्या दोन शब्दांत बरंच दिसतं. वडिलांच्या वेळचा माणूस म्हणजे देवनागरीच्या शेकडो खणांतून न बघता खिळा उचलणारा, हातातल्या स्टिकमध्ये उलटी अक्षरं जुळवणारा आणि ती उलटीच वाचणारा. मग खिळ्यांवर छापणारी ट्रेडल मशीन मोडीत गेली, प्लेटवरून छापणारं ऑफसेट आलं. खिळे वजनावर गेले. ज्याच्या बोटांत वीस-वीस वर्षांचं कसब होतं त्याला एका दिवसात सांगितलं गेलं की ही बोटं आता नकोत, प्लेट लावायला शीक. तो शिकला. शाई आणि पाण्याचा मेळ बसवायला शिकला. पुढे संगणक आला, मराठी टाइप करायची श्रीलिपी आली, पानं मांडायचे पेजमेकर, कोरल ड्रॉ आले. साठीला टेकलेला माणूस नातवाच्या वयाच्या पोरांकडून शिकला असेल, आणि आज तुमच्या मशीनवर उभा आहे.

त्याला कुणी लोणावळ्याला नेलं नव्हतं. बदल कसा स्वीकारायचा हे तुम्ही 36 हजार देऊन शिकायला गेलात, आणि तो दोनदा स्वीकारलेला माणूस तुमच्या पाठीमागे, पाच फुटांवर, बिनपगारी उभा होता.

शिबिरात तुम्हाला परदेशी अब्जाधीशांच्या गॅरेजच्या गोष्टी सांगितल्या असतील. तुमच्याच धंद्यातली एक मी सांगते. मुंबईत 1869 साली निर्णयसागर छापखाना काढणारे जावजी दादाजी सुरुवातीला दुसऱ्याच्या कारखान्यात खिळे घासणारे पोरगे होते. छापखान्याचा मालक तात्यांच्या जागी उभा राहून तयार होतो, एवढंच मला त्यातून म्हणायचंय. तुम्ही तिथे कधी उभे राहिलात का, माहीत नाही. पत्रात तसं काही नाही.

आता डॉक्टरांकडे वळते.

डॉक्टर तुमच्याविषयी घरी काय म्हणत असतील? "प्रेसवाल्याचे थोडे द्यायचे राहिलेत. पण आपलाच माणूस आहे, काही बोलत नाही." बघा, तेच वाक्य आहे. तुम्ही तात्यांविषयी लिहिलंत ते शब्द डॉक्टरांनी तुमच्याविषयी आधीच वापरलेले असणार. तुमच्या गावात पैसे अडवून ठेवायची ही रीत झाली आहे: जो बोलतो त्याचे आधी द्यायचे, जो बोलत नाही त्याला घरचा म्हणायचं. विजेचं बिल तुम्ही थकवलं नाहीत, कारण वीज कंपनी घरची नाही, ती येऊन तोडते.

आणि मग तुम्ही मला विचारता, उमेद कुठे गेली.

माझा एक जुना अनुभव सांगते. एका मासिकात मी सदर लिहायची. चौदा महिने मानधन आलं नाही. संपादक सज्जन, चहा पाजायचे, "आपलंच मासिक" म्हणायचे. मला मागायची लाज वाटायची. त्या वर्षी माझं लेखन आटलं. लिहायला बसलं की डोकं दुखायचं. मला वाटलं, संपलं आपलं, आता शब्द येत नाहीत. मी चक्क विपश्यनेला जाऊन यायचं ठरवत होते. शेवटी माझ्या जावेनं, जिचा लेखनाशी काही संबंध नाही, विचारलं, "अहो, पण फुकट कोण किती दिवस लिहील?" मी पत्र पाठवलं. अर्धे पैसे आले, अर्धे बुडाले, संपादक नंतर ओळख दाखवेनासे झाले. लेख मात्र पुढच्याच आठवड्यात झाला. विपश्यना राहिली ती राहिलीच.

तुमचं तसंच आहे. साडेचार लाखांचं काम तुम्ही करून दिलंत, कागद तुमचा, शाई तुमची, पैसे दुसऱ्याच्या खिशात. अशा माणसाचा सकाळी शटरवर हात जड होणारच. त्याला आळस म्हणू नका आणि त्यावर गार पाणी ओतू नका. तात्यांचाही हात जड होत असेल. पण ते वेळेवर येतात. कसे येतात, हे मात्र शिबिराइतकं कुतूहलाचं आहे.

त्या निखाऱ्यांचंही सांगून टाकते, नाहीतर ते तुमच्या डोक्यातून जायचे नाहीत. कोळसा उष्णता फार सावकाश देतो आणि चालताना पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून पाय भाजत नाही. रेंगाळलात तर भाजतो. हे पदार्थविज्ञान आहे, ते अंगारमळीवरून चालणाऱ्या आपल्या गावोगावच्या भक्तांनाही लागू पडतं आणि ते लोक 36 हजार घेत नाहीत. डॉक्टरांच्या दवाखान्याची पायरी मात्र तुम्हाला पोळते. तिथे रेंगाळावं लागतं, नजरेला नजर द्यावी लागते, आणि टाळ्या वाजवायला कुणी नसतं.

तेव्हा दुसऱ्या पातळीला जाऊ नका. बाजूला काढलेल्या 40 हजारांतले 32 हजार उद्या तात्यांना द्या.

उधारी वसूल झाल्यावर देतो, असं नाही. आधी. मी मुद्दाम हा क्रम सांगतेय. खिशात 40 हजार असलेला माणूस डॉक्टरांकडे जात नाही, उद्यावर टाकतो. 8 हजार उरलेला माणूस जातो. आणि दुसरं असं, की स्वतः दुसऱ्याचा पगार दाबून बसलेल्या माणसाच्या तोंडून "माझे पैसे द्या" हे धड निघत नाही. जीभ अडखळते. तुम्ही त्याला संबंध जपणं म्हणता. आतून तुम्हाला ठाऊक आहे की समोरच्यानं उलटून विचारलं, "तुम्ही दिलेत का सगळ्यांचे?" तर तुमच्याकडे उत्तर नाही. महिन्याचा पगार सात तारखेच्या आत द्यावा, हे आपल्या देशात 1936 सालच्या कायद्यापासून लिहून ठेवलेलं आहे. तुमचा छापखाना जन्मण्याच्या आधीपासून.

पैसे देताना भाषण करू नका. "तुम्ही आमच्या घरचे" हे तर अजिबात म्हणू नका, ते वाक्य वापरून झालंय. "उशीर झाला, चुकलं" एवढं पुरे. पाकिटात घालून देऊ नका, समोर मोजून द्या. तात्या मोजणार नाहीत, म्हणून तुम्ही मोजा.

मग वही उघडा. तिच्यात तीन वर्षांहून जुनी नावं असतील तर त्यांच्यावर आधी दुःख करून घ्या, कारण साध्या येण्याला कोर्टात मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपत आलेली नावं आधी घ्या, आणि पैसे नाहीत म्हणाले तर "एवढे देणं आहे" अशी सही-तारीख लिहून घ्या, त्या दिवसापासून मुदत पुन्हा मोजली जाते. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आहे का, तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर ऑनलाइन फुकट होते, ती करा, पुढच्या बिलांना उपयोगी पडेल. 2006 च्या कायद्याने छोट्या उद्योजकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावं लागतं, लेखी करार नसेल तर 15 दिवसांत. पुढे चक्रवाढ व्याज, रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट. तुम्ही डॉक्टरांना व्याज लावावं असं मी म्हणत नाही. पण मागणं म्हणजे भीक नव्हे, एवढं तरी ध्यानात येईल.

पहिले जा ते डॉक्टरांकडेच. सोप्या गिऱ्हाइकापासून सुरुवात केलीत तर डॉक्टरांपर्यंत पोचणारच नाही, मी ओळखते तुमच्यासारख्यांना, मी स्वतः तशीच आहे. चहा आधी घेऊ नका. चहा प्यायला की माणूस "बघा सवडीनं" म्हणून उठतो. बिलाची प्रत पुढे ठेवा, आकडा मोठ्याने म्हणा, आणि गप्प बसा. तो गप्प बसण्याचा अर्धा मिनिट जो आहे ना, तो तुमचा निखारा. तो हसून भरून काढू नका.

संबंध बिघडतील म्हणता. बिघडू द्या एखादा. जो 38 हजार परत मागितल्यावर बिघडतो, त्याची किंमत 38 हजार होती.

बायकोचं एक राहिलं. ती निगेटिव्ह बोलते असं तुम्ही दोनदा लिहिलंत, मी एकदाच छापलं. ती नेमकं काय बोलते हे मात्र एकदाही लिहिलं नाहीत. माझा अंदाज असा, की "आधी तात्यांचे द्या" हेच ती बोलत असावी. चुकत असेन तर कळवा, मी पुढच्या अंकात तिची माफी मागेन.

छापखान्याचं पुढे काय, डिजिटल मशीन घ्यावं का, पत्रिका गेल्या तर पेट्या आणि लेबलं छापावीत का, हे तुम्ही शेवटच्या पानावर विचारलंय. मला त्यातलं कळत नाही. पगार दिल्यानंतर आठवड्याने, मशीन थांबलेली असताना, तात्यांना विचारा. चाळीसेक वर्षं ज्यानं प्रत्येक गिऱ्हाईक कागदावर हात फिरवताना पाहिलंय, त्याला काहीतरी म्हणायचं असेल. आजवर ते काही बोलले नाहीत, याला एक कारण हेही असेल की कुणी विचारलं नाही.

आणि डॉक्टरांकडे जाताना पावतीपुस्तक न्यायला विसरू नका. गावभर पावतीपुस्तकं छापून दिलीत, तुमचं स्वतःचं संपलेलं असणार. तात्यांना सांगा, एक बांधून देतील.