प्रश्न: पुण्यात भाड्याने राहतो, पगार बेताचा आहे. घरात कमी खर्चात पर्यावरणपूरक काय काय करता येईल?

दिवे बंद करा, कापडी पिशवी न्या, हे तुम्हाला ठाऊक असणारच. ओला कचरा भोकं पाडलेल्या जुन्या बादलीत जिरवा, प्रत्येक थरावर मूठभर सुका पाला घाला. वास आला तर पाला कमी पडलाय. कडधान्यं भिजवून कुकरला लावा, गॅस वाचतो. झालं. मला बोलायचंय ते आरओबद्दल, म्हणजे पिण्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या विजेच्या यंत्राबद्दल, कारण हल्ली बिऱ्हाड थाटलं की आधी तेच यंत्र भिंतीवर चढतं.

घेऊ नका.

मी निवृत्त होईपर्यंत शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. एकदा सिंहगड रस्त्याला धाकट्या दिरांकडे गेले होते, तेव्हा एका कंपनीचा विक्रेता आलेला. त्याने दोन पेले मांडले, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या आरओचं. दोन्हींत सळया बुडवून प्लग लावला. थोड्याच वेळात नळाचं पाणी तपकिरी, गढूळ, वर फेस. त्याचं मात्र नितळ. जाऊबाईंनी तोंडाला पदर लावला. "वहिनी, हे आपण पोरांना पाजतोय!" इति भाऊजी.

अहो, ती घाण पाण्यात नव्हतीच. सळई लोखंडाची होती. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार नावापुरते, म्हणून तिथे काही घडत नाही. मी ओट्यावरचं चिमूटभर मीठ त्याच्या नितळ पेल्यात टाकलं आणि म्हटलं, लावा आता प्लग. नळाच्या पाण्याहून वाईट रंग आला. गृहस्थाने मुकाट सामान आवरलं. एवढं डोळ्यांदेखत होऊनही भाऊजींनी यंत्र घेतलंच, वर "वहिनींना खर्चाचं जिवावर येतं" हे आजतागायत ऐकवतात.

येतंच. पण खर्च फक्त पैशांचा नाही. घरगुती आरओ साधारण एक लिटर पाणी देताना तीन लिटर मोरीत सोडतो. प्यायला-स्वयंपाकाला दिवसाला २० लिटर धरा, म्हणजे ६० लिटर धरणाचं पाणी गटारात. उन्हाळ्यात पाणीकपात झाली की हेच लोक महापालिकेच्या नावाने खडे फोडतात! आरओचं काम क्षार काढायचं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेले क्षार, म्हणजे टीडीएस, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चालतात. पुण्याला येणारं खडकवासला धरणाचं पाणी सह्याद्रीतल्या पावसाचं, त्यात मुळात क्षारच कमी. आमच्या नळाला मीटर शंभरही दाखवत नाही. टीडीएस ५०० च्या आत असेल तिथे आरओ बंद करा, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच सांगितलं होतं. दोन-तीनशे रुपयांचा मीटर आणा आणि स्वतः बघा.

मीटर जंतू दाखवत नाही, हे मात्र लक्षात असू द्या. पाणी गाळून उकळा, किंवा जंतू अडवणारा बिनविजेचा साधा फिल्टर घ्या. पावसाळ्यात मी उकळतेच. त्याला गॅस जातो, हेही मान्य.

आणि हे सगळं धरणाच्या पाण्यापुरतं. तुमच्या सोसायटीत बोअर किंवा टँकर असेल आणि आकडा पाचशेच्या पुढे गेला, तर आरओ घ्या, माझी हरकत नाही. जिथे पाण्यात फ्लोराइड आहे, विदर्भात अशी गावं आहेत, तिथे तर उकळून उलट ते दाट होतं. तिथे माझा सल्ला ऐकू नका.

घरमालकाने यंत्र आधीच बसवलं असेल तर सांडपाण्याच्या नळीखाली बादली ठेवा. फरशीला, संडासाला, मोलकरणीच्या भांड्यांच्या पहिल्या विसळणीला ते पाणी उत्तम. धरणाचं असेल तर कुंड्यांनाही चालतं, बोअरचं नको. आमच्या भाऊजींना हे दहादा सांगून झालं. बादली बरी दिसत नाही म्हणून जाऊबाईंनी नळी ओट्याखालून थेट मोरीत नेली आहे.