हलवायचं तेव्हा फक्त हलवायचं

प्रिय मित्रा,

रात्री पावणेदोनला टाकलेली तुझी मेल सकाळी चहा घेता घेता वाचली. "मॅडम, नुसती साफसफाई केलीय, वागणूक तसूभरही बदललेली नाही, तरी तीन आठवडे कुणी ढुंकून बघत नाही. सोडून देऊ का?" मग जोडलेला पॅच, म्हणजे कोडमधल्या बदलांची फाइल, उघडला. चौदा फाइली, सतराशे ओळी, आणि पॅच एक. चहा गार झाला.

तुझ्या कामाचं मोल वगैरे लिहीत बसत नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये प्रोसेस उभी राहते तो कोड आवरावासा वाटणं हेच मुळात बरं लक्षण आहे; बहुतेकजण तिकडे फिरकतच नाहीत. चेकपॉइंटर, बॅकग्राउंड रायटर, वॉल रायटर या पडद्यामागच्या मदतनीस प्रोसेस; तिघांच्याही मेन फंक्शनमध्ये सिग्नल लावायच्या त्याच त्या ओळी बघून तुझे हात शिवशिवले, आणि तू त्या उचलून एका सामाईक फंक्शनात घातल्यास. माझेही शिवशिवले असते.

पण त्या ओळी त्याच त्या नाहीत रे. बॅकग्राउंड रायटरला सिगटर्म, म्हणजे 'आता थांब' हा सिग्नल, आला की तो आवरतं घेतो. वॉल रायटरही. चेकपॉइंटर मात्र सिगटर्मकडे मुद्दाम कानाडोळा करतो. मशीन बंद होताना इनिट, म्हणजे यंत्रणेची पहिली प्रोसेस, सगळ्या प्रोसेसना एकदमच सिगटर्म पाठवतं. तेव्हा चेकपॉइंटरही उठून चालता झाला तर शेवटचा चेकपॉइंट, म्हणजे मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणं, करायचा कुणी? म्हणून त्याने बॅकएंड (एकेका कनेक्शनमागच्या प्रोसेस) संपेपर्यंत थांबायचं आणि सगळ्यांना जन्म देणाऱ्या पोस्टमास्टर प्रोसेसने सांगितल्यावरच हलायचं. त्या ओळींच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये हे लिहिलेलं होतं. 'होतं' म्हणतेय, कारण तुझ्या पॅचमध्ये ती कॉमेंट उडालीय, आणि तिघांनाही एकच सिगटर्म हँडलर मिळालाय. हजाराव्या ओळीच्या आसपास बघ. तसूभरही बदललेली नाही म्हणालास ना?

मी रागावलेली नाही. बरं, रागावलेय, पण चुकीवर नाही. अशी चूक कुणाचीही होते. राग याचा की सतराशे ओळींच्या गर्दीत ती तुझी तुलाही दिसू नये अशी सोय तूच केलीस. हलवायचं तेव्हा फक्त हलवायचं. बदलायचं तेव्हा फक्त बदलायचं. पहिल्या पॅचमध्ये ओळी जशाच्या तशा उचलल्या असत्यास आणि दुसऱ्यात "आता तिघांचा सिगटर्म हँडलर एक करतो" असं लिहिलं असतंस, तर वाचणाऱ्याने अर्ध्या मिनिटात तुझा हात धरला असता. आमच्या सासूबाई घर बदलताना म्हणायच्या, टेंपो दारात उभा असताना मिक्सर उघडून बसायचं नाही. त्यांनी आयुष्यात एक ओळ कोड लिहिला नाही.

सुरुवातीच्या कोडमध्ये तर हे पथ्य दुप्पट पाळावं लागतं. लिनक्सवर पोस्टमास्टर फोर्क करतो, म्हणजे स्वतःची प्रत काढतो, आणि पोराला बापाची सगळी मेमरी आयती मिळते. विंडोजवर फोर्क नाही. 2005 साली 8.0 आवृत्तीत पोस्टग्रेस विंडोजवर थेट चालू लागलं, तेव्हापासून तिथे नवी प्रोसेस कोरी उठते. काही व्हेरिएबल्स गाठोड्यात बांधून तिच्या हाती द्यायची आणि बाकीचं तिने पुन्हा उभं करायचं. त्यामुळे लिनक्सवर तू एखादं इनिशियलायझेशन विसरलास तरी बापाच्या पुण्याईवर चालून जातं. तुझ्या लॅपटॉपवर सगळ्या टेस्ट हिरव्या, आणि विंडोजवर पहिल्याच कनेक्शनला आडवं.

आता माझं ऐक. 2009 ची गोष्ट. मी एका कंपनीत होते, तिची पोस्टग्रेसच्या कोडवरून वेगळी काढलेली स्वतःची आवृत्ती होती (तिलाही फोर्कच म्हणतात), आणि बॅकएंड उभा करणारं फंक्शन वाचवत नव्हतं. मी ते आवरलं. नावं बदलली, ब्लॉक वरखाली केले, दोन-चार ठिकाणी 'जाता जाता' सुधारणा केल्या. एकोणीसशे ओळींचा एकच कमिट, म्हणजे एका झटक्यात नोंदवलेला बदल. (तुझ्यापेक्षा दोनशे जास्त.) त्यात आमच्या एका मॉड्यूलचा बाहेर पडतानाचा कॉलबॅक (प्रोसेस संपताना चालणारं फंक्शन) इनिटप्रोसेसच्या, म्हणजे बॅकएंडला जागा मिळवून देणाऱ्या फंक्शनच्या, खाली नोंदवला जायचा, तो मी वर नेला. वर छान दिसत होता, बाकीच्या नोंदणीशेजारी.

हे कॉलबॅक उलट्या क्रमाने चालतात हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर सांगितलं असतं. जो शेवटी नोंदवला तो आधी. म्हणजे माझा कॉलबॅक आता इनिटप्रोसेसने नोंदवलेल्या कॉलबॅकच्या नंतर चालणार, जेव्हा त्या बॅकएंडची पीजीप्रॉकमधली, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक (शेअर्ड) मेमरीतली, जागा परत देऊन झालेली असते. आणि माझा कॉलबॅक लाइटवेट लॉक, म्हणजे सामाईक मेमरी वापरण्याआधी लावायचं कुलूप, घेत होता. लॉक मोकळा असला तर जागा नसतानाही मिळून जायचा. थांबायची वेळ आली तर मात्र रांगेत उभं राहायला त्या बॅकएंडला अंगच नाही. मग एकच ओळ: कॅनॉट वेट विदाउट अ पीजीप्रॉक स्ट्रक्चर. तीही पॅनिक या सगळ्यात गंभीर पातळीवर. एक बॅकएंड पॅनिकने पडला की पोस्टमास्टर बाकी सगळ्यांना खाली घेतो आणि शेअर्ड मेमरी नव्याने मांडतो. एका ग्राहकाकडे संध्याकाळी सहाला अॅप्लिकेशन तीनशे कनेक्शन एकदम सोडायचं. लॉकवर गर्दी तेवढ्याच क्षणी. त्यामुळे रोज नाही, आठवड्यातून एकदा, सहा वाजून काही सेकंदांनी.

असर्ट (कोडमधल्या स्वतःच्याच तपासण्या) चालू ठेवून बिल्ड केला असता तर पहिल्या डिस्कनेक्टलाच कळलं असतं, कारण नेमका तोच असर्ट तिथे बसलेला आहे. मी चालू ठेवला नव्हता, टेस्ट हळू पळतात म्हणून. अकरा दिवस लागले. त्यातले नऊ मी माझाच डिफ (आधीच्या-नंतरच्या ओळींची तुलना) वाचत होते आणि ती एक हललेली ओळ मला दिसत नव्हती, कारण तिच्या आजूबाजूच्या चाळीस ओळींची नावं मीच बदलून ठेवली होती. मध्ये एक रविवार होता. मुलीचा वाढदिवस. केक मी फोटोत बघितला.

त्यानंतर वरून फर्मान आलं: चालतंय त्याला हात लावायचा नाही. मी भांडले. आजही म्हणते, आवरायला घेतलं ते बरोबर होतं. ते फंक्शन तसंच ठेवणं हा काही शहाणपणा नव्हता. त्याच गुंत्यात पुढे आणखी दोघांनी हात पोळून घेतले, आणि तेव्हा मला कुणी "तू म्हणत होतीस" असं म्हटलं नाही. असो. माझी बाजू खरी होती, पण ती मांडायचा हक्क मी एकोणीसशे ओळींत घालवून बसले होते.

आणि तोच गुंता मूळ पोस्टग्रेसमध्ये नीट सुटला, माझा त्यात वाटा शून्य. 2021 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमधले पोस्टग्रेस डेव्हलपर अँड्रेस फ्रॉइंडचे 'प्रोसेस स्टार्टअप' अशा मथळ्याचे कमिट काढ आणि एकेक करून वाच. आधी तिथली अवस्था कशी होती माहितीये? चेकपॉइंटर, वॉल रायटर ही रोजची माणसं उभी करणारा कोड बूटस्ट्रॅपच्या फाइलीत, इनिटडीबीच्या (नवा डेटाबेस पहिल्यांदा मांडणाऱ्या प्रोग्रॅमच्या) संसारात राहत होता. इनिटप्रोसेस हे फंक्शन विंडोजच्या वाटेवर आधी आणि लिनक्सच्या वाटेवर नंतर, इफडेफची अट घालून. आता बघ तो काय करतो. एका कमिटमध्ये फक्त '--फोर्कबूट' हे नाव '--फोर्कऑक्स' होतं. एकात कोड फक्त नव्या फाइलीत जातो. आणि एक कमिट तर, नीट वाच, फक्त इंडेंटेशनचा. ओळी डाव्या-उजव्या सरकवल्या, बाकी काही नाही. एवढा अनुभवी माणूस रिकाम्या जागांसाठी वेगळा कमिट करतो आणि तुला "चौदा पॅच पाठवले तर बालिश वाटेल" अशी लाज वाटते! वागणूक बदलणारे कमिट वेगळे: इनिटप्रोसेस सगळीकडे बेसइनिट या पायाभूत मांडणीच्या फंक्शनच्या आधी, प्लॅटफॉर्म कुठलाही असो. ही जमीन सपाट झाली, मग 15 व्या आवृत्तीत वापराची सांख्यिकी शेअर्ड मेमरीत गेली आणि जुनी स्टॅट्स कलेक्टर प्रोसेस कायमची निवृत्त झाली. पुढे 17 व्या आवृत्तीसाठी दुसरे डेव्हलपर हेक्की लिन्नाकांगास यांनी पोरं जन्माला घालायचा कोडही एका जागी आणला. तेही टप्प्याटप्प्याने.

हळू जातं, मान्य. कमिटफेस्ट, म्हणजे पॅच तपासायच्या फेऱ्या, वर्षातून पाच. तुझ्या वयाला पाच म्हणजे फार कमी वाटतात. पण तुझा आजचा पॅच पाचही कमिटफेस्ट एकातून दुसऱ्यात ढकलला जाईल, कारण तो उघडणाऱ्याला पूर्ण दिवस मोकळा हवा, आणि तसा दिवस कुणाकडेच नाही. माझ्याकडेही नव्हता, आज सकाळची मीटिंग बुडवलीय.

सोडून द्यायचं नाही. फोडायचं. पहिला पॅच असा की 'गिट डिफ'ला 'कलर-मूव्हड' (हललेल्या ओळी वेगळ्या रंगात दाखवणारा पर्याय) लावल्यावर सगळ्या ओळी हललेल्याच दिसल्या पाहिजेत. एकही ओळ नवी दिसली तर ती काढ आणि पुढच्या पॅचमध्ये टाक. हलवायचं तेव्हा फक्त हलवायचं, तिसऱ्यांदा सांगतेय. चेकपॉइंटरची कॉमेंट परत आण. बिल्ड असर्टसह, आणि एकदा एक्झेक-बॅकएंडचा मॅक्रो देऊन, म्हणजे लिनक्सवरही प्रोसेस विंडोजसारखी कोरी उठेल आणि बापाची पुण्याई बंद होईल.

शनिवारी अकरानंतर मी घरी आहे. लॅपटॉप घेऊन ये. एकच पॅच आण, पहिला. दुसरा दाखवायला लागलास तर बघणार नाही. आणि मेल रात्री पावणेदोनला लिहू नकोस, तुझ्या त्या वेळच्या वाक्यांतही दोन गोष्टी एकत्र असतात.

तुझी,
मॅडम (हेही बदल, पण वेगळ्या मेलमध्ये)