आठवड्याची हाडांची गोळी आणि छातीतली जळजळ

ताई, तुम्ही लिहिलंय की सासूबाई ६८ वर्षांच्या, ओसरीच्या पायरीवरून घसरून मनगट मोडलं, यवतमाळच्या गावाकडून नागपूरला नेऊन डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, केली तर टी-स्कोर उणे ३.१ आला, म्हणजे हाडं बरीच ठिसूळ झालीत. त्यावर अ‍ॅलेन्ड्रोनेट या हाडांच्या औषधाची ७० मिलिग्रॅमची आठवड्याला एक गोळी सुरू झाली, आणि तीनच गोळ्यांत एवढी जळजळ की त्या आता गोळीच नको म्हणतात. बंद करावी का, असं तुम्ही विचारलंय.

पुढची गोळी देऊ नका, आधी डॉक्टरांशी बोला. घास गिळताना दुखत असेल, छातीत मधोमध कळ येत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. पण उपचार सोडून देऊ नका. तुमच्या लिहिण्यात मध्येच एक वाक्य आहे: "पहाटे चहासोबत गोळी घेतात आणि पुन्हा जरा आडव्या होतात." मला तिथंच थांबायला झालं, कारण माझ्या आईचं अगदी हेच झालं होतं.

आई वर्धा जिल्ह्यात खेड्यावर राहते. २०१६ साली तिला ही गोळी सुरू झाली. औषध देणाऱ्यानं "आठवड्याला एक" एवढंच सांगितलं आणि आम्हीही विचारलं नाही. दोन घोट चहाबरोबर गोळी घ्यायची आणि बाजेवर पडायचं. दीड महिन्यानं भाकरीचा घास उतरेना. दुर्बिणीनं पाहिलं तर अन्ननलिकेला जखम. ती भरेपर्यंत आई नुसत्या पातळ भातावर होती. तो दोष माझाही होता, म्हणून इतकं सविस्तर लिहिते.

ही गोळी अन्ननलिकेत अडकली की तिथली कातडी सोलते. आडवं पडलं की पोटातलं वर येऊन तेच होतं. शिवाय पोटातून शंभरातला एक भागही रक्तात जात नाही, चहा-दुधाबरोबर घेतली तर तेवढाही नाही. म्हणजे सासूबाईंना त्रास पुरा झाला आणि हाडांपर्यंत जवळपास काहीच पोचलं नाही.

डॉक्टरांनी पुन्हा सुरू करायला सांगितलं तर, नंतर आईचं कसं चालायचं ते सांगते. आईचा गोळीचा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस, तो कधी विसरला जात नसे. सकाळी उठल्यावर काही खाण्यापिण्याआधी, बसून, पेलाभर साध्या पाण्याबरोबर अख्खी गोळी गिळायची. चावायची नाही, चघळायची नाही. मग निदान अर्धा तास बसायचं, उभं राहायचं नाहीतर चालायचं. आई तेवढ्यात तुळशीला पाणी घालायची, फाटकापर्यंत चकरा मारायची. खराटा मात्र त्या वेळात मी हाती लागू देत नव्हते, कारण वाकणंही नको. अर्ध्या तासानंतर चहा-नाश्ता, आणि पोटात काही गेल्याशिवाय आडवं व्हायचं नाही. गोळी चुकली तर आठवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्यायची आणि पुढे आपल्या ठरलेल्या वारावर यायचं. एका दिवशी दोन कधीच नाहीत.

पाण्याचंही पाहा. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असतं आणि ते गोळीला रक्तात जाऊ देत नाही. आम्ही त्या दिवसापुरतं आरओचं पाणी भरून ठेवायचो. याच कारणानं कॅल्शियमची गोळी सकाळी नाही, जेवणानंतर दुपारी किंवा रात्री द्या. तुमच्या यवतमाळकडे आणि चंद्रपूरकडे बऱ्याच गावांच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. त्यानं हाडं मशीनवर भरीव दिसतात पण मजबूत नसतात, म्हणून गावाच्या पाण्याचा अहवाल असेल तर डॉक्टरांना दाखवा.

व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची पुडी किती आठवडे घ्यायची ते चिठ्ठीवर नीट लिहून घ्या. ताकदीची पुडी समजून ती रोज घेतलेली माणसं मी पाहिली आहेत. रक्तात कॅल्शियम वाढतं, मग उलट्या, खूप तहान, शौचाला न होणं, माणूस बरळायला लागतो.

आणखी एक, जरा जपून विचारा: सासूबाई गुडघ्यांसाठी बाजारातली बिननावाची पुडी घेतात का? अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि स्टेरॉइड तर हाडं पोखरतंच. घेत असतील तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करावं लागतं. गुडघेदुखी या हाडांच्या गोळीनं थांबणार नाही, हेही त्यांना आधीच सांगून ठेवा. "इतके महिने झाले, दुखणं जसंच्या तसं" म्हणून बायका गोळी सोडतात. तिचं काम पुढचं फ्रॅक्चर टाळायचं आहे.

जळजळ थांबत नसेल, पाठीला बाक आल्यानं अर्धा तास ताठ बसवत नसेल, तर वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड आहे, ५ मिलिग्रॅम. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं), कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्यायचं. पहिल्या वेळी दोन-तीन दिवस ताप, अंगदुखी होते, घाबरू नका. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शनही आहे, पण त्याची तारीख चुकवायची नाही. उशीर झाला की हाडं झपाट्यानं झिजतात आणि मणके दबू शकतात. कापूस वेचणीच्या दिवसांत नागपूरला जाणं जमणार नसेल तर हे डॉक्टरांना आधीच सांगा.

दात काढायचा असेल तर औषध सुरू करण्याआधी काढून घ्या. नंतर काढावा लागलाच तर दंतवैद्याला या गोळीबद्दल सांगा, क्वचित जबड्याचं हाड भरत नाही. मांडीत किंवा जांघेत ठसठस सुरू झाली तर गुडघ्याचं दुखणं समजून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा; या औषधानं क्वचित मांडीचं हाड तडकतं. साधारण पाच वर्षांनी डॉक्टर गोळीला सुट्टी देता येईल का ते तपासतात. आईची गोळी तशी २०२१ ला थांबवली, आता दोन वर्षांनी एकदा डेक्सा होते.

उद्या डॉक्टरांना फोन कराल तेव्हा चहाचं आणि आडवं होण्याचं आधी सांगा. नाहीतर ते समजतील की औषधच सोसत नाही.