लांबून लॅपटॉप दुरुस्त होतो, पण कुठवर?

प्रश्न : मुलगा पुण्याला असतो. आमच्या लॅपटॉपचं वाय-फाय सारखं तुटायचं, म्हणून त्याने तिकडूनच स्क्रीन ताब्यात घेऊन वाय-फायचा ड्रायव्हर (ते चालवणारं सॉफ्टवेअर) काढला. काढताक्षणी जोडणी गेली आणि आता वाय-फायची खूणच दिसत नाही. बर्डीवर दुकानात न्यावा लागेल का?
— एक वाचिका, महाल, नागपूर

उत्तर : इतक्यात नको. ज्या वाय-फायवरून काम चाललं होतं त्याचाच ड्रायव्हर काढला, म्हणजे बसलेली फांदीच तोडली गेली. लॅपटॉप त्यामुळे बिघडलेला नाही. आधी तो पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पॉवरचं बटण 30 सेकंद दाबून धरा आणि मग सुरू करा. ड्रायव्हर काढताना त्याच्या फाइलीही पुसायच्या चौकटीत टिचकी दिली नसेल, तर विंडोज बहुतेक वेळा तो आपणहून परत बसवतं.

टिचकी दिली गेली असेल तर फोन कामी येतो. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या पानावर यूएसबी टेदरिंग, म्हणजे केबलमधून फोनचं नेट देणं, चालू करा. तो पर्याय पुसट असेल, दाबला जात नसेल, तर केबल बदलून पाहा. काही स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन घरच्या वाय-फायवर असला तर बहुतेक फोन तेच नेट लॅपटॉपला पुरवतात. मोबाइल डेटावर काम करणार असाल तर मुलाशी बोलायला मात्र दुसरा फोन घ्या. दोन सिमच्या फोनमध्ये दुसऱ्या सिमवर कॉल आला की पहिल्याचं नेट अनेकदा थांबतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

नेट आलं की कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही तीन बटणं एकत्र दाबा. क्विक असिस्ट हे विंडोजमधलंच लांबून मदत घ्यायचं साधन उघडेल. मुलाने त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून आत जाऊन तुम्हाला 6 अक्षरी कोड द्यायचा, तो 10 मिनिटंच चालतो. तुम्हाला खातं लागत नाही. मध्येच त्याच्याकडे पडदा काळा झाला तर घाबरू नका. विंडोज परवानगी विचारतं तेव्हा ती चौकट फक्त समोर बसलेल्याला दिसते, ‘हो’ तुम्हालाच म्हणायचं आहे. लॅपटॉप रीस्टार्ट करावा लागला तर नवा कोड घ्यायची तयारी ठेवा.

ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरूनच घ्यायचा. मॉडेल नंबर खालच्या बाजूच्या स्टिकरवर असतो. फाइल आधी डेस्कटॉपवर पूर्ण उतरवून घ्यायची, मगच चालवायची.

आता मूळ दुखण्याकडे. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये वाय-फाय कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये ‘वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या’ अशी चौकट असते. तिथली टिचकी काढा. वाय-फाय मधूनमधून तुटण्याचं हे नेहमीचं कारण. महालातल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून 5 गीगाहर्ट्‌झची लहर फारशी पार जात नाही. राउटर एका खोलीत आणि लॅपटॉप तिसऱ्या खोलीत असेल तर 2.4 चं नेटवर्क निवडा. आणखी एक आठवून पाहा : पंख्याची सफाई करून आणल्यानंतर हा त्रास सुरू झाला का? वाय-फाय कार्डावर साधारण दोन बारीक तारा असतात, त्यांच्या टोकाला मोहरीच्या दाण्याहून थोडी मोठी पितळी टोपी असते. ती नीट दाबून बसली नाही तर राउटरजवळ सगळं ठीक चालतं आणि दहा पावलांवर तुटतं. अशा वेळी कितीही ड्रायव्हर बदलले तरी उपयोग नाही, झाकण उघडावंच लागतं.

प्रश्न : उन्हाळा लागल्यापासून लॅपटॉप दुपारी आपोआप बंद पडून राहिला आहे. सकाळी बरोबर चालतो. एकाने लांबूनच पूर्ण विंडोज नवं टाकून दिलं, पैसेही घेतले, तरी तेच.
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : सकाळी चालतो आणि दुपारी बंद पडतो, एवढ्यावरूनच विंडोजवरचा संशय कमी व्हायला हवा होता. बहुतेक कंपन्या लॅपटॉप वापरायला 35 अंशांपर्यंतचं हवामान धरतात. नागपुरात मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो.

लांबून पाहणाऱ्याने पहिल्या पाच मिनिटांत एचडब्ल्यूइन्फोसारखं साधन चालवून प्रोसेसरचं तापमान बघायला हवं. नुसता डेस्कटॉप उघडा असताना ते 50 च्या आसपास असेल तर ठीक. एखादा व्हिडिओ लावताच 95 ते 100 वर जात असेल तर हवा अडली आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर 41’ ही नोंद दिसली म्हणून कुणी सप्लाय किंवा बॅटरी बदलायला सांगितली तर थांबा. मशीन नीट बंद न होता बंद पडलं, एवढंच ती नोंद सांगते.

लांबून करता येण्याजोगा तात्पुरता उपाय आहे : पॉवर ऑप्शनच्या प्रगत सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा 100 ऐवजी 99 टक्के करायची. त्याने बहुतेक लॅपटॉपचा टर्बो, म्हणजे नेहमीपेक्षा वाढीव, वेग थांबतो आणि तापमान लक्षणीय उतरतं. खरा इलाज मात्र झाकणाखाली आहे. पंखा आणि तांब्याच्या पात्यांच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो. बाहेरून फुंकर मारली तर तो आणखी आत घट्ट होतो, म्हणून पंखा उघडून काढायचा. ब्लोअर वापरताना पंखा टूथपिकने अडकवून धरायचा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. प्रोसेसरवर लावायची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर नेणारा लेप) तुरीच्या अर्ध्या डाळीएवढी पुरते.

कूलरच्या थेट झोतात लॅपटॉप ठेवू नका, वाळ्यातून उडणारे थेंब जाळीतून आत जातात. आणि टचपॅड वर उचलला गेला असेल किंवा तळ फुगला असेल, तर लगेच बंद करून चार्जर काढा. फुगलेल्या बॅटरीवर लांबून काहीच करता येत नाही. ती दाबू नका, टोचू नका.

प्रश्न : ‘तुमच्या लॅपटॉपमध्ये व्हायरस आहे, एनीडेस्क टाका, नंबर सांगा’ असा फोन आला. सांगावा का?
— एक वाचक, काटोल

उत्तर : नाही. तुम्ही स्वतः बोलावलेल्या माणसालाच कोड द्यायचा. रिझर्व्ह बँकेने 2019 मध्येच या ॲपच्या गैरवापराबद्दल सावध केलं होतं. ॲप स्वतः वाईट नाही, पण कोड दिला की तुमचा पडदा आणि माउस समोरच्याच्या हातात जातो. कोड दिला गेला असेल तर आधी नेट तोडा, मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

प्रश्न : चार्जिंगचा दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच. लाइन गेली होती तेव्हापासून असं आहे. हे लांबून होतं का?
— एक विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : विंडोजपर्यंत पोचत असेल तरच. कॅप्स लॉक दाबून पाहा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, ग्राफिक्स नव्याने सुरू होतं. तरी काळंच राहिलं तर अंधारात पडद्यावर तिरका टॉर्च मारा. अस्पष्ट अक्षरं दिसली तर फक्त मागचा उजेड गेला आहे. एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, विंडोज आणि पी दाबा. टीव्हीवर चित्र आलं की लांबून काम सुरू करता येतं, आणि पहिलं काम म्हणजे प्रोजेक्ट, फोटो बाहेर काढून घेणं. पॅनेल किंवा त्याची केबल नंतर दुकानात बदलता येते.

कॅप्स लॉकही मेलेला असेल तर महालच्या प्रश्नातला 30 सेकंदांचा उपाय एकदा करा आणि नाही जमलं तर दुकान गाठा. जाण्यापूर्वी फोनवरून तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकरची, म्हणजे विंडोज डिस्कला लावतं त्या कुलुपाची, 48 आकडी रिकव्हरी की शोधून ठेवा. मदरबोर्ड बदलला की नवा बोर्ड जुन्या डिस्कला ओळखत नाही आणि निळ्या पडद्यावर हीच की मागितली जाते. ती नसेल तर डिस्क धडधाकट असूनही फाइली उघडत नाहीत, कारागीर कितीही कसलेला असो.