‘स्नॉब’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे की, इंग्रज कादंबरीकार थॅकरेच्या लेखनाबद्दल लिहिताना ‘स्नॉब’साठी ‘आढ्यताखोर’ हा शब्द चालेल का. माझ्या मते तो अर्धाच चालेल.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी बोलीत ‘स्नॉब’ म्हणजे जोडे शिवणारा. केंब्रिजच्या विद्यार्थ्यांनी तो शब्द विद्यापीठाबाहेरच्या गावकऱ्यांना लावला आणि पुढे एकूणच खालच्या थरातल्या माणसाला तो चिकटला. (‘कुलीनतेवाचून’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांचा तो संक्षेप असल्याची कथा मोठी चटकदार आहे, पण निराधार.) १८११ साली कलकत्त्यात, ईस्ट इंडिया कंपनीच्या एका अधिकाऱ्याच्या घरी जन्मलेला विल्यम मेकपीस थॅकरे केंब्रिजमध्ये शिकत होता तेव्हा तिथे ‘द स्नॉब’ नावाचे विद्यार्थ्यांचे पत्रच निघत असे आणि त्यात तो लिहीत असे. पदवी न घेताच तो तिथून बाहेर पडला. शब्द मात्र त्याने सोडला नाही. १८४६-४७ मध्ये ‘पंच’ साप्ताहिकात त्याने इंग्लंडमधल्या स्नॉबांवर लेखमाला लिहिली आणि लेखक म्हणून ‘त्यांच्यापैकीच एक’ अशी सही केली. १८४८ साली तिचे पुस्तक झाले. हीन गोष्टींचे हीनपणे कौतुक करतो तो स्नॉब, ही त्यातली व्याख्या.

याचा नमुना त्याच सुमारास क्रमशः प्रसिद्ध होत असलेल्या त्याच्या ‘व्हॅनिटी फेअर’ या कादंबरीत सापडतो. व्यापारी ऑस्बर्न कोणी उमराव भेटला की त्याच्यापुढे लोटांगण घालतो, ‘माय लॉर्ड, माय लॉर्ड’ करतो, घरी येऊन उमरावांच्या वंशावळीच्या ग्रंथात त्याचे घराणे धुंडाळतो आणि मुलींपुढे त्या ओळखीची फुशारकी मारतो. ज्या सेडलीच्या मदतीने हा माणूस वर आला, त्या सेडलीचे दिवाळे निघताच मात्र तो त्याला दारात उभे करत नाही आणि आपल्या मुलाचे सेडलीच्या मुलीशी ठरलेले लग्नही मोडू पाहतो. वर पाहताना लाळ घोटणे आणि खाली पाहताना नाक मुरडणे, ही दोन्ही मिळून स्नॉब होतो.

आता मराठी शब्द पाहू. मुळात ‘आढ्य’ म्हणजे धनवान. ‘आढ्यताखोर’ खाली पाहून नाक मुरडतो, वर पाहून लाळ घोटेलच असे नाही. ‘लाळघोट्या’चे नेमके उलटे. ‘उच्चभ्रू’ हा ‘हायब्रो’वरून घडवलेला, म्हणजे अभिरुचीपुरता. बोलण्यातला ‘शिष्ट’ मला सर्वांत जवळचा वाटतो: “फार शिष्ट आहे हो ती!” गंमत अशी की, इंग्रजी शब्द खालच्यांसाठी होता तो वरच्यांच्या वाटेला लागला, तर ‘शिष्ट’ मूळचा सुशिक्षित, सभ्य माणसाचा आणि उतरला तो टोमण्यावर. तरीही उमरावापुढचे लोटांगण त्यात बसत नाही.

म्हणून थॅकरेविषयी लिहिताना मी ‘स्नॉब’ तसाच ठेवेन. भाषांतराचाच आग्रह असेल तर ‘प्रतिष्ठालोलुप’ वापरेन, आणि संवादात मात्र बिनदिक्कत ‘शिष्ट’.